ओनोफ्रे सार्मेंतुची शांतता

माणसाने आजवर रचलेल्या संगीतात शांततेइतकं थोर काहीच नाही. हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या तोंडात लाळ ओढणारी नळी घरघरत होती आणि वाक्य उच्चारणाऱ्या माणसाच्या हातात दात कोरायचं यंत्र फिरत होतं.

तार्सिझिओ हा ब्राझीलमधल्या जुईझ द फोरा या आमच्या शहरातला बऱ्यापैकी दंतवैद्य आणि माझा शाळेपासूनचा मित्र. संगीतावर तो बायकोशी बोलत नाही, कारण ती उत्तर देते. पेशंटशी बोलतो. त्या वर्षी मार्चपासून त्याच्या खुर्चीत जो कोणी आडवा झाला, त्याला ओनोफ्रे सार्मेंतुची नवी तबकडी ऐकावी लागली.

"आता तो भाग येतोय," तार्सिझिओने यंत्र बंद केलं. "गाणारा घरात एकटा आहे. 'कोण आलंय दाराशी?' असं विचारतो आणि गिटार थांबते. ऐक."

मी ऐकलं. नळी घरघरली.

"काहीच नाही. बरोबर एक श्वास. आणि मग शेवटची ओळ, 'कुणी नाही, वारा होता.' दुसरा कुणी असता तर त्या जागेत बासरी घातली असती. कळतंय तुला?"

"आँ," मी म्हणालो.

दारातून दोना निल्सेया, म्हणजे निल्सेयाबाई, डोकावल्या. त्या दवाखान्याच्या बाहेरच्या टेबलावर बसतात आणि तार्सिझिओला त्याच्या पदवीच्या आधीपासून ओळखतात. "डॉक्टर, बाहेरचे गृहस्थ विचारतायत, गाणं संपेपर्यंत थांबायचं की दुखणं संपेपर्यंत?"

ओनोफ्रे सार्मेंतु तेव्हा ऐंशीकडे झुकलेला होता. तो रिओत राहिला असता तर निदान उपेक्षित म्हणवून घेण्याइतकी तरी त्याला ओळख मिळाली असती. आमच्याकडे तो नदीपलीकडचा गिटार दुरुस्त करणारा म्हातारा होता. तरुणपणी त्याने दोन तबकड्या काढल्या. त्या ज्यांच्याकडे होत्या ते एकतर मेले किंवा घर बदलताना हलके झाले. मग कित्येक वर्षं काही नाही, आणि आता ही तिसरी, पुतण्याच्या गॅरेजमध्ये गाडी बाहेर काढून ध्वनिमुद्रित केलेली. तिचे खोके ठेवायला ओनोफ्रेच्या घरी जागा नव्हती. ते तार्सिझिओच्या दवाखान्यात आले आणि दोना निल्सेयांनी त्यांवर पाय ठेवायला सुरुवात केली.

तबकडी चांगली होती. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढच्या सगळ्यात ती गोष्ट विसरली जाते.

तार्सिझिओने ठरवलं की प्रकाशनाचा कार्यक्रम करायचा. आम्ही दोघं ओनोफ्रेकडे गेलो. त्याने कॉफी दिली, एका गिटारचं उघडं पोट खुर्चीवरून उचलून मला बसायला जागा केली आणि सगळं ऐकून घेतलं.

"रिकाम्या खुर्च्यांपुढे मी वाजवलेलं आहे," तो म्हणाला. "खुर्च्या नीट ऐकतात. त्यांच्याविषयी तक्रार नाही. पण पुन्हा नाही वाजवायचं त्यांच्यापुढे."

"सेउ ओनोफ्रे, हॉल भरेल. माझा शब्द." तार्सिझिओ त्याला नेहमी 'सेउ' म्हणायचा, आपल्याकडच्या 'राव'सारखं.

"नाही भरला तर मी गिटार खोक्यात घालीन आणि ती तुमच्या दवाखान्यात ठेवायला देईन. जागा आहे ना अजून?"

हे त्याने थट्टेने म्हटलं असं मला वाटलं. परतताना तार्सिझिओ पुलावर थांबला आणि म्हणाला, "तो थट्टा करत नव्हता." तेव्हापासून त्याची झोप गेली. हॉल भरायचा, आणि भरलेल्या हॉलने ती एका श्वासाची शांतता ऐकायची, एवढंच त्याला हवं होतं. प्रेमात पडलेली माणसं यापेक्षा कमी मागतात.

हॉल चर्चचा मिळाला, शनिवारी दुपारचा, कारण तिथला बिंगोचा खेळ रविवारी असतो. फलक बेकरीत लागला, हरवलेल्या कुत्र्याच्या खाली. कुत्रं सापडलं, फलकाविषयी कुणी विचारलं नाही. पेशंट होते, पण ते सांगायचे की डॉक्टर, आम्ही ऐकलंय, तीनतीनदा ऐकलंय. कार्यक्रमाला आठवडा उरला तेव्हा येईन असं म्हणणाऱ्यांत मी होतो, दोना निल्सेया होत्या, आणि दोना निल्सेया म्हणत होत्या की पाय दुखला नाही तर.

आमच्या शहरात चढ असे आहेत की पत्रकं वाटणारा माणूस दुसऱ्या गल्लीत बसून घेतो. सगळ्या गल्ल्यांत नेमाने जाते अशी एकच गोष्ट, ज्युरांदीरची अंड्यांची गाडी. टपावर दोन भोंगे, मागे अंड्यांचे थर, आणि ज्युरांदीरचाच ध्वनिमुद्रित आवाज: 'ताजी अंडी, मोठी अंडी, तुमच्या दाराशी!' ती ऐकू आली की बायका हातातलं टाकून बाहेर येतात आणि शिफ्टवरून आलेली माणसं उशीखाली डोकं घालतात. तार्सिझिओने तिला दवाखान्यासमोर हात केला.

"गाणं लावायचं आणि मधून मधून कार्यक्रमाचं सांगायचं," तो म्हणाला.

ज्युरांदीरने गाणं ऐकलं. "दुःखी आहे हो, डॉक्टर."

"गंभीर आहे."

"तेच ते. दुःखी गाण्यावर अंडी जातात का, ते बघावं लागेल." त्याने पैसे घेतले नाहीत. शनिवारी हॉलच्या दाराशी गाडी लावू द्यायची, एवढंच मागितलं. तार्सिझिओला त्यात कलेविषयीचा आदर दिसला.

सोमवारी गाणं आमच्या गल्लीत आलं. मी खिडकीत गेलो. भोंग्यातूनसुद्धा ते चांगलं वाटत होतं, चढावर गाडी कण्हत होती ती तालात होती. 'कोण आलंय दाराशी?' ओनोफ्रेने विचारलं. गिटार थांबली. आणि त्या एका श्वासात ज्युरांदीर ठणठणीत आवाजात म्हणाला, 'ताजी अंडी, मोठी अंडी, तुमच्या दाराशी!' मग ओनोफ्रेने सांगितलं की कुणी नाही, वारा होता.

समोरच्या बाई अंड्यांचा रिकामा पुठ्ठा घेऊन बाहेर आल्या.

मंगळवारी गाडी दवाखान्यावरून गेली तेव्हा तार्सिझिओ पेशंटला तसाच सोडून, हातमोज्यांसकट रस्त्यावर धावला.

"तिथे काही बोलायचं नाही," तो म्हणाला. "ती जागा रिकामी नाहीये. ती शांतता आहे. ती त्याने रचलीय."

"डॉक्टर, तुमचं दातांचं मी ऐकतो की नाही? मग अंड्यांचं माझं ऐका. भोंगा गप्प झाला की लोकांना वाटतं गाडी गेली. बाई चपला शोधतेय, तिला आवाज लागतो. अख्ख्या गाण्यात बोलायला तेवढी एकच जागा ठेवलीय त्या म्हाताऱ्याने. मला वाटलं माझ्यासाठीच ठेवलीय."

"काढ ते."

"काढतो."

आणि त्याने काढलं, दवाखान्याच्या गल्लीपुरतं. तिथून जाताना तो ओरडा बंद करायचा, कोपरा वळला की सुरू. तार्सिझिओ खिडकीशी उभा राहून ती शांतता जाताना ऐकायचा आणि समाधानाने पुन्हा दातांकडे वळायचा. बाकीच्या शहरात काय चाललंय हे त्याला सांगायची जबाबदारी प्रत्येकाने दुसऱ्यावर सोपवली. दोना निल्सेया म्हणाल्या, "तुम्ही त्याचे मित्र." मी म्हणालो, "तुम्ही त्याचा पगार घेता." शुक्रवारपर्यंत पोरं फुटबॉल खेळताना ते गाणं म्हणत होती. बेकरीवाला पाव मोजताना गुणगुणत होता. चर्चच्या पाद्रीबाबांनी तार्सिझिओला सांगितलं की गाणं मनात घर करतं. कुठल्या स्वरूपात, ते ते बोलले नाहीत.

शनिवारी हॉल भरला.

तार्सिझिओने इस्त्रीचा सदरा घातला होता. तो दाराशी उभा राहून येणाऱ्यांचे हात हातात घेत होता. बऱ्याच जणांच्या एका हातात अंड्यांचे रिकामे पुठ्ठे होते, कारण बाहेर ज्युरांदीरची गाडी लागलेली होती, आणि आत जायच्या आधी अंडी घेतली तर मांडीवर ठेवावी लागतील म्हणून बहुतेकांनी खरेदी नंतरवर टाकली होती.

ओनोफ्रे आला, एका खुर्चीवर बसला, गर्दीकडे बघितलं आणि गिटार लावायला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला. पहिली काही गाणी लोकांनी नीट ऐकली. कुणी खोकलं नाही. तार्सिझिओने माझं मनगट धरलं होतं, ते त्याला माहीत नसावं.

मग ते गाणं सुरू झालं. पहिल्या सुरालाच हॉलमध्ये सुस्कारा उमटला, आणि दुसऱ्या ओळीपासून सगळे गायला लागले. आमच्याकडे गाणं आवडलं याचा एकच पुरावा असतो, लोक ते गायकाचं गायकाला ऐकू जाणार नाही इतक्या जोरात म्हणतात. ओनोफ्रेला हा पुरावा अख्ख्या आयुष्यात मिळाला नव्हता. त्याने मान वर केली. दोना निल्सेया डोळे मिटून गात होत्या. तार्सिझिओ रडत होता. पुढचं मला ठाऊक होतं.

'कोण आलंय दाराशी?' ओनोफ्रेने विचारलं आणि तारांवर हात ठेवला.

"ताजी अंडी, मोठी अंडी, तुमच्या दाराशी!" अख्खा हॉल एका आवाजात म्हणाला. पाद्रीबाबासुद्धा.

तार्सिझिओने माझं मनगट सोडलं.

ओनोफ्रे हलला नाही. तो थांबला, त्यांचं पूर्ण होऊ दिलं, आणि मग अगदी हळू शेवटची ओळ म्हटली. टाळ्या बराच वेळ वाजल्या. लोकांनी पुन्हा म्हणायला लावलं. त्याने पुन्हा म्हटलं, आणि या खेपेला गिटार थांबवून त्याने हनुवटीने हॉलला इशारा केला.

नंतर तार्सिझिओ त्याच्यापाशी गेला. चेहरा दात उपटलेल्या पेशंटसारखा. "सेउ ओनोफ्रे, मी त्याला बजावलं होतं. माझी माफी..."

"कसली?"

"ती शांतता. तुम्ही एवढी..."

"डॉक्टर, ती शांतता नव्हती," ओनोफ्रे गिटार पुसत म्हणाला. "तिथे एक ओळ पाहिजे होती. मला सुचली नाही. वर्षभर वाट पाहिली आणि शेवटी मोकळी सोडली." त्याने थोडा विचार केला. "ही चांगली बसते. कुणाची आहे?"

मी ज्युरांदीरकडे बोट दाखवलं. तो दाराबाहेर टाचा उंच करून आत बघत सुटे पैसे देत होता.

तार्सिझिओ खाली बसला. त्यानंतर मी त्याच्या खुर्चीत बऱ्याचदा आडवा झालो आहे. हल्ली तो हवामानावर बोलतो. गिटार मात्र दवाखान्यात आली नाही. ओनोफ्रेला लग्नांना बोलावतात आणि ते गाणं हमखास म्हणायला लावतात.

त्या दिवशी हॉल रिकामा झाल्यावर दाराबाहेरच्या टेबलावर विकायला ठेवलेले तबकड्यांचे खोके होते तसेच राहिले. अंड्यांनी भरलेले पुठ्ठे दोन्ही हातांनी सांभाळत लोकांना तबकडी धरायला हात उरला नव्हता. आम्ही खोके ज्युरांदीरच्या गाडीत घालून दवाखान्यात परत आणले. अंडी संपली होती, त्यामुळे जागा होती.