रिकामा खिळा

आर्डिसनं दोरी दोन खुंट्यांमध्ये ताणली आणि मधोमध गुंडाळलेल्या धाग्यावरून अंगठा फिरवला. मग पुन्हा एकदा फिरवला. कपाळावरचा चष्मा नाकावर आणला आणि वाकून पाहिलं.

"काय गं, तुटलीय का कुठं?" स्टुलावर बसलेल्या ऑर्लिननं विचारलं.

"नाही. अगदी धडधाकट आहे."

तिला खटकलं होतं ते नेमकं हेच. धनुष्याची दोरी वर्षभर ओढली की मधला धागा बोटांनी झिजतो, मेण काळं पडतं, एखादा तंतू उभा राहतो. ही दोरी तिनं गेल्या ऑगस्टमध्ये स्वतः वळली होती आणि तिचं मेण अजून जसंच्या तसं होतं. सोबतच्या पाकिटावर मात्र ऑर्लिनच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: सहा नोव्हेंबर, आठ टोकांच्या शिंगांचा नर.

आर्डिसच्या दुकानाची मागची भिंत अशा दोऱ्यांनी भरलेली होती. ज्या दोरीनं हरीण मिळालं ती पुढच्या ऑगस्टमध्ये, हंगाम उघडण्याआधी, इथं आणून खिळ्याला टांगायची, खाली नावाची चिठ्ठी लावायची. ही प्रथा आर्डिसच्या नवऱ्यानं, रॉयसनं पाडली. तिला नियम जोडला तो ऑर्लिननं. स्वतःच्या दंडानं ओढलेली दोरीच टांगायची. त्याच्या एकट्याच्या एकतीस दोऱ्या तिथं होत्या, आणि गावात त्याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं.

ऑर्लिन साथर म्हणजे जुन्याचा कैवारी. ओढायला हलकी पडणारी कप्पीची धनुष्यं आली तेव्हा त्यानं नाक मुरडलं. झाडाला बांधलेला कॅमेरा हरणाचा फोटो थेट फोनवर पाठवायला लागला, तेव्हा म्हणाला, "उद्या हरीणच फोन करील, या म्हणून." आणि क्रॉसबो, म्हणजे बंदुकीसारखा दस्ता असलेलं ते आडवं धनुष्य, हा तर त्याचा उभा वैरी. त्याची दोरी चावी फिरवून मागे अडकवून ठेवायची आणि वेळ आली की नुसता घोडा दाबायचा. दर एप्रिलला जिल्ह्याच्या सभेत शिकारीच्या नियमांवर हात वर करून मतं घेतात. क्रॉसबोवाल्यांना धनुष्याच्या लांब हंगामात घुसू देऊ नका, म्हणून सगळ्यात आधी हात वर जायचा तो ऑर्लिनचा.

यंदाच्या एप्रिलमध्ये त्याचा हात वर गेला नव्हता. आर्डिसला ते आत्ता आठवलं. क्रॉसबोचा हंगाम तोडून तीन आठवड्यांचा करावा का, असा प्रश्न होता आणि ऑर्लिन भिंतीशी गप्प बसून होता. लोकांना वाटलं, म्हातारा डुलकी काढतोय.

तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. कॉफीचा मग त्यानं डाव्या हातात धरला होता. उजवा हात मांडीवर ठेवलेला होता, दुसऱ्याचा असल्यासारखा.

"हरीण कशानं मारलंस रे?"

"बाणानं."

"ते कळलं. सोडला कशानं?"

ऑर्लिननं कॉफीचा घोट घेतला. हातातला मग रिकामा झाला होता, तरी घेतला.

तिनं भिंतीला टेकवलेलं त्याचं लाकडी धनुष्य उचललं, यंदासाठी वळलेली नवी दोरी चढवली आणि त्याच्या हातात दिलं. "ओढ बघू. ताण बरोबर आहे का ते पाहायचंय."

"राहू दे. तुझ्या हातची दोरी कधी चुकलीय?"

"ओढ म्हणते ना."

तो उभा राहिला. दोरी वीतभर मागे आली, तिथंच थरथरली आणि त्याच्या खांद्यातून कट्‌ असा आवाज झाला. त्यानं दोरी हळूच पुढे जाऊ दिली. धनुष्य टेबलावर ठेवताना तो तिच्याकडे पाहत नव्हता.

आर्डिसला आनंद व्हायला हवा होता. सहा वर्षं तिनं या माणसावर डूख धरला होता. रॉयसचं दुखणं बळावलं तेव्हा त्यानं डॉक्टरची चिठ्ठी दाखवून क्रॉसबोचा परवाना काढला. तेव्हा तो आजाऱ्यांनाच मिळायचा. त्या हंगामात त्याला एक हरिणी मिळाली. ऑगस्टमध्ये त्यानं आपली दोरी भिंतीवर टांगली, स्वतःच्या दुकानात, स्वतःच्या खिळ्याला. आणि ऑर्लिन दहा जणांसमोर म्हणाला, "ज्याला ओढता येत नाही त्यानं घरी बसावं, लाकडं फोडावीत." रॉयसनं दोरी काढून घेतली. त्या शरदात तो रानात गेलाच नाही. मार्चमध्ये तो वारला. क्रॉसबो कुठंच सापडला नाही. लाजेनं त्यानं तो ओढ्यात फेकला असणार, असं तिच्या मनानं घेतलं. त्या उन्हाळ्यात ती पाण्यात दंताळं फिरवत काठाकाठानं हिंडली होती. पुढच्याच वर्षी कायदा बदलला आणि क्रॉसबो सगळ्यांना खुला झाला.

आता हा समोर उभा होता, उघडा पडलेला. एक फोन केला असता तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं. पण तिला आधी कळायला हवं होतं.

"मग सोडला कशानं?" तिनं पुन्हा विचारलं. या वेळी आवाजात धार नव्हती.

ऑर्लिननं जाकिटाच्या आतल्या खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. "दोन्ही आणल्या होत्या," तो म्हणाला. "कोणती काढायची ते ठरत नव्हतं. आयत्या वेळी कच खाल्ली."

रुमालात एक आखूड, जाड दोरी होती. तपकिरी आणि पिवळ्या धाग्यांची, मधोमध चांगलीच झिजलेली. आर्डिसनं टोक उलटून पाहिलं. गाठीपाशी लाल धाग्याचे चार फेरे होते. लाल फेरे तिनं आयुष्यात एकाच दोरीला घातले होते.

ती खुर्चीवर बसली.

"तुझ्याकडे कशी आली ही?"

"क्रॉसबोसकट आली. रॉयस स्वतः घेऊन आला होता, त्या ऑक्टोबरमध्ये. तू चर्चच्या जेवणाला गेली होतीस. माझ्या ओसरीवर धापा टाकत बसला."

"मला बोलला नाही."

"म्हणाला, आर्डिसला कळलं तर परत आणायला लावील."

"लावलंच असतं!" ती म्हणाली. "काय बोलला?"

"म्हणाला, मला आता शिडी चढवत नाही, मचाणावर जाता येत नाही. हे ठेव. तुझाही खांदा एक दिवस जाईल." ऑर्लिननं खांदा चोळला. "मी म्हटलं, गेला तर घरी बसेन. तर हसायला लागला. म्हणाला, गाढवा, लाकडं फोडायलासुद्धा खांदाच लागतो."

आर्डिसच्या तोंडून हसू फुटलं आणि त्याच्या मागोमाग रडू. तिनं दोन्ही होऊ दिलं.

"हसत होता?"

"खोकला येईपर्यंत."

तिनं त्याच्याच रुमालानं डोळे पुसले. मग दोरी उजेडाकडे धरली आणि एकदम भडकली. "सहा वर्षांची दोरी चढवलीस? तुटली असती म्हणजे? बोटं गेली असती, मूर्खा!"

"नवी मागायला तुझ्याकडेच यावं लागलं असतं."

तिनं दोरी मांडीवर ठेवली. मग तिनं विचारलं ते तिला सहा वर्षं रॉयसला विचारायचं होतं. "कसं वाटलं रे? घोडा दाबताना?"

ऑर्लिननं विचार केला. "मला वाटलं होतं काहीच वाटणार नाही. यंत्रच ते. पण थंडीत तीन तास बसावं लागलंच. हरीण आलं आणि छाती अशी धडधडली की त्याला ऐकू जाईल असं वाटलं. पहिल्या वेळेसारखी, आर्डिस. अगदी तशीच." त्यानं मान हलवली. "त्याला हे ठाऊक होतं. आणि मी त्याला काय बोललो."

"एप्रिलमध्ये हात वर केला नाहीस, तो खांद्यामुळे?"

"डावा चांगला होता की. खिशात ठेवला."

आर्डिस उठली. खुंट्यांवरची न झिजलेली लांब दोरी तिनं पाकिटात घालून त्याच्यापुढे सरकवली. मग एक कोरी चिठ्ठी आणि पेन्सिल ठेवली.

"नाव कुणाचं लिहायचं, ते तू बघ."

तो डाव्या हातानं बराच वेळ लिहीत होता. चिठ्ठी घेऊन भिंतीपाशी गेला. खालच्या रांगेतल्या आपल्या एकतीस दोऱ्या ओलांडून तो वर पाहत उभा राहिला, तिथं एक खिळा सहा वर्षं रिकामा होता. उजवा हात कोपरापर्यंतच उठला. मग चवड्यांवर उभं राहून त्यानं डाव्या हातानं दोरी अडकवली आणि चिठ्ठी टोचली. ती तिरकी लागली. वर रॉयसचं नाव होतं, खाली ऑर्लिनचं, लहान अक्षरात.

"तिरकी झाली," तो म्हणाला.

"असू दे." आर्डिसनं तपकिरी आणि पिवळी रिळं काढून दोरी वळायच्या यंत्राला लावली. मग फळीवर हात फिरवून तिनं लाल रीळ शोधलं. "शुक्रवारी ये. क्रॉसबो घेऊन ये, माप घ्यायचंय."