खिडकी जनाबाईची

“दिपेश, हे नाव लाल का झालं रे?” गर्ट्रूड आंटीने स्क्रीनवर बोट टेकवलं.

दिपेश खूश झाला. वर्तकनगरातल्या आंटीच्या ट्रॅव्हल एजन्सीसाठी त्याने बनवलेलं बुकिंगचं सॉफ्टवेअर, वहीतल्या जुन्या नोंदी भरून, कालच चालू झालेलं. डोंबिवलीच्या घरात व्हिडिओ बघून शिकलेला तो. हे पहिलंच खरं काम.

“आंटी, जो दर वेळी बुकिंग करून कॅन्सल करतो ना, त्याला सिस्टीम ब्लॉक करते. परत घेतच नाही!”

“शहाणाच आहेस,” आंटी म्हणाली. आवाजात कौतुक नव्हतं.

काउंटरपलीकडे चेंदणी कोळीवाड्यातले दगडूकाका हातातली टोपी गोल फिरवत उभे होते. “नाय घेत काय? दर साली घेता की. कन्याकुमारीची बस. दोन सीट, खिडकी जनाबाईची.”

“पण काका, तुम्ही जातच नाही कधी!” दिपेश बोलून गेला.

“जाऊ कसा? ती उठते कुठं?”

बायकोला लकवा झालेला, आंटीने हळूच सांगितलं. दिवाळी झाली की काका बुकिंग करायचे. मग नवरा-बायको घरात बसून तयारी करायचे. कुठली साडी, कसला फराळ, तीन समुद्रांचं पाणी वेगळं ओळखू येतं का. निघायच्या आधी काका गुपचूप येऊन नावं काढून जायचे.

“तिला सांगतो, गाडी पुढं ढकलली,” काका म्हणाले. “तिला कळतं रे. पण ती विचारत नाय.”

दिपेशचे कान तापले. त्याने लॅपटॉप उघडला.

“काकांचं तेवढं नाव सोडव,” आंटी म्हणाली.

“नाही आंटी. नियमच काढून टाकतो. असे अजून कोण कोण असतील.”

मग त्याने बुकिंगचा मेसेजही मराठीत केला. काकांचा फोन वाजला. त्यांनी तो डोळ्यांपासून लांब धरून मोठ्याने वाचला, “जनाबाई, तुमची खिडकीची सीट पक्की झाली.” आणि आणखी एकदा वाचला.

जानेवारीत दिपेश प्रिंटर जोडायला आला, तेव्हा काका दारात दिसले. त्याने आपणहून कॅन्सलचं पान उघडलं. “दोन्ही नावं काढू ना काका?”

“नको. मी जातो यंदा.” काका खुर्चीत टेकले. “ती गेली रे. काल तेरावं झालं. आता गाडी पुढं ढकलली म्हणून कुणाला सांगू?”

आंटीने क्रूसाची खूण केली. दिपेशने कॅन्सलचं पान बंद केलं.

“आणि... खिडकीची सीट?”

“तिची हाय ना ती.”

बस टेंभी नाक्यावरून पहाटे सुटायची होती. आंटीच्या मदतीला आलेला दिपेश मोबाइलवर एकेकाची हजेरी लावत मागे गेला. काका अलीकडच्या सीटवर बसलेले. पलीकडे, खिडकीशी, हिरव्या लुगड्याची घडी.

बाहेरून गार वारा येत होता. दिपेशने वाकून काच सरकवायला हात घातला.

“राहू दे रे,” काका म्हणाले. “तिला उघडीच लागते.”