वाढवलं

नामदेव पाटील पेढ्यांचा बॉक्स हातात धरून गाळ्यासमोर उभा आहे, आणि गाळ्यात काहीच नाही.

काहीच नाही म्हणजे

कांदे नाहीत. बिस्किटं नाहीत. माल भरणाऱ्या बायांची गडबड नाही. आतल्या गार खोलीचं दार सताड उघडं, दिवा चालू. ती खोली नामदेवच्या पैशाची, म्हणून ती आहे.

तो पुन्हा बघतो. तेच.

सकाळी:

जोतीरामचा फोन आला होता. जोतीराम हा ऑनलाइन किराणा कंपनीचा इथला मॅनेजर. साताऱ्याकडचा, मोठ्यांशी जपून बोलणारा. "काका, सानपाड्याचं आपलं वाढवलं," म्हणाला. नामदेवने त्याचं अभिनंदन केलं. जोतीरामने घाईने फोन ठेवला. नामदेवला वाटलं, थकला असेल.

मग पेढे.

त्याच्याही आधी:

या गाळ्यात नामदेव आणि भागीरथीचं किराणा दुकान होतं. समोरच्या सोसायट्यांत मोबाइलवरून माल यायला लागला. तूरडाळ तर अशा भावात, की तुर्भ्याच्या घाऊक बाजारातही तेवढ्याला मिळत नव्हती. भागीरथीने शेजारणीकडून मागवून घेतली. दाणा चावून पाहिला. डाळ चांगली निघाली. तिला भीती वाटली ती त्याचीच.

पुढे कंपनीने गाळाच भाड्याने मागितला. भाडं दुकानाच्या कमाईपेक्षा जास्त. अट एकच, गार खोली मालकाने बांधून द्यायची. नामदेवने बायकोच्या दागिन्यांकडे बघितलं.

भागीरथी अडून बसली. "डालीत घाटा, वर घरी नेऊन देनार फुकट. मंग आपलं भाडं कशातून देनार?"

भाची नमिता ऐरोलीत त्याच कंपनीच्या ऑफिसात. तिने मामीला समजावलं. गुंतवणूकदार पैसे ओततात, नफा नंतर येतो, आधी वाढ बघायची. नंतर म्हणजे कधी, असं भागीरथीने विचारल्यावर नमिता हसली. ऑफिसात हे कुणी विचारत नाही म्हणाली.

दागिने मोडले. दुकान रिकामं झालं. कंपनी आली, तिने दारात नारळ वाढवला.

त्यानंतर नुसती वाढ. ऑर्डरी वाढल्या. शहरं वाढली. तोटाही वाढला, पण ते नमिता अशा सुरात सांगायची, जणू बाळाचं वजन. चहाच्या टपरीवर नामदेव तोच शब्द फिरवायला लागला. आमच्या गाळ्याची वाढ.

आणि हाच माणूस आयुष्यभर रोज रात्री शटर ओढताना म्हणायचा, चला, दुकान वाढवू या. दुकानदाराने 'बंद' म्हणायचं नसतं. बांगडी फुटली तरी वाढली म्हणायचं. हे सगळं तो

विसरला?

नाही. त्याला ऐकूच आलं नाही.

आता:

जोतीराम बाहेर कठड्यावर बसलाय, शेजारी माल भरणाऱ्या बाया. परवडत नाही, असा वरून निरोप आला, तो सांगतो. त्याचीही नोकरी गेली. मग मान खाली घालून, "तुम्ही दुकानदार माणूस, काका. तुमच्यापुढं बंद कसं म्हणू? मला वाटलं, तुम्हाला कळलं."

नमिता फोन उचलत नाही.

भागीरथी येते. सरळ आत जाते, गार खोलीचा दिवा मालवते, बाहेर येते. नामदेवच्या हातातला बॉक्स सुटत नाही. ती त्याची बोटं एकेक करून सोडवते आणि कठड्यावरच्या सगळ्यांना पेढे वाढते. खायचे की नाही, कुणालाच कळत नाही.

रस्त्यावरून भिमाबाई चाललीय, जुनी गिऱ्हाईक. आत डोकावून थबकते.

"काय गो, दुकान वाढवला?"

"हां," भागीरथी म्हणते. "ते आले तवाच."

नामदेव शटरला हात घालतो. शटर ओढताना म्हणायचा त्याला एकच शब्द माहीत आहे.

शटर वरच राहतं.