हिशेबाच्या तासाचा रूळ

मी एक जुना रूळ आहे. शिसवी लाकडाचा, हातभर लांब, अंगठ्याहून थोडा जाड आणि गोल. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी रूळ पाहिलाही नसेल, कारण तुमच्या दप्तरात आता चपट्या, पारदर्शक पट्ट्या असतात. माझी गोष्ट तुम्हाला आवडेल की नाही, याची मला शंकाच आहे. तिच्यात मार फार आहे, आणि तो गाळून सांगायला गेलो तर मागे फारसे काही उरत नाही. तरी सांगून पाहतो, मित्रांनो.

कसबा पेठेत कोंडीराम नावाचे कातारी होते. ते लाकूड कातून लाटणी, भोवरे, पाळण्याच्या दांड्या करायचे. एका मोडक्या पलंगाच्या पायातून त्यांनी मला काढले. धार अंगावरून फिरली, साली उडाल्या आणि मी गुळगुळीत झालो. मला तळहातावर तोलत ते गिऱ्हाइकाला म्हणाले, "सरळ आहे अगदी. पण जपून वापरा सर, शिसव आहे. डोक्यात बसला तर माणूस उठायचा नाही."

"मी वह्या आखायला नेतोय," गिऱ्हाईक म्हणाले. "डोकी फोडायची असती तर लाटणं नेलं असतं. स्वस्त पडतं."

ते गिऱ्हाईक म्हणजे महिपती सर. हिंजवडीच्या बाजूला एका माध्यमिक शाळेत ते आठवी ते दहावीच्या मुलांना व्यापार शिक्षण शिकवत. दुकान कसे चालवावे, पावती कशी वाचावी, करारावर सही करण्याआधी काय पाहावे आणि मुख्य म्हणजे हिशेब कसा लिहावा, असा तो जादा विषय होता. त्या वेळी तिकडे भाताची खाचरे होती. कंपन्या अजून यायच्या होत्या, पण जमिनी मोजायला माणसे येऊ लागली होती. सर म्हणत, या मुलांना इतिहास थोडा कमी आला तरी चालेल, कागद वाचता आला पाहिजे.

माझे काम मला आवडत असे. मला कोऱ्या पानावर ठेवून सर हलकेच लोटत आणि लाल शाईने रेघ ओढत. पुन्हा लोटत, पुन्हा रेघ. पान भरले की ते पेरणीआधीच्या वाफ्यांसारखे दिसे. मी एवढेच केले असते तर किती बरे झाले असते.

पण हिशेबाच्या वहीत चूक खोडायची नसते. तिच्यावर एक बारीक रेघ मारून शेजारी बरोबर लिहायचे असते, म्हणजे मूळ चूकही वाचता येते. सरांनी हा नियम माझ्या साहाय्याने शिकवला. रबराने खोडले किंवा ब्लेडने खरवडले, की प्रत्येक खाडाखोडीला एक फटका. मुलाने हात उपडा धरायचा आणि बोटांच्या पेरांवर मी पडायचो. वेताची छडी वाकते, तिचा थोडा जोर हवेत सांडतो. मी वाकत नाही. हाडावर हाड आपटावे तसा माझा आवाज होई. तो आवाज झाला की सगळा वर्ग आपापली बोटे काखेत दाबून बसे.

एके दिवशी दत्तोबा आपल्या मुलाला, साईनाथला, घेऊन आले. दत्तोबांच्या कपाळापासून कानापर्यंत एक जाड वण होता. भावाने पुढे केलेल्या कागदावर त्यांनी न वाचता सही केली होती आणि रस्त्याकडेचे शेत गेले होते. जाब विचारायला गेले, तेव्हा भावाच्या माणसांनी त्यांना बांधावर पाडून कुऱ्हाडीच्या तुंब्याने, म्हणजे बोथट बाजूने, मारले होते.

"मास्तर," ते म्हणाले, "आमच्या घरात दोनच तऱ्हेची माणसं झाली. मारणारी आन् मार खाणारी. हा तिसरा निघाला पायजे. त्याला कागद शिकवा."

"शिकवतो. अभ्यास मात्र त्यालाच करावा लागेल."

"न्हाय केला तर सोलून काढा. कातडं तुमचं, हाडं आमची. आपली काय बी तक्रार न्हाय."

सर नुसते हसले. तसे म्हणायची तिकडे रीतच होती. प्रत्येक बाप पहिल्या दिवशी तेच म्हणून जाई.

साईनाथ हुशार होता. पण दहावीच्या वर्षी त्याच्या घरची दुसरी जमीन विकली गेली, या वेळी रीतसर, चांगल्या किमतीला. त्याच महिन्यात सरांनी सगळ्यांना आपापल्या घरचा जमाखर्च लिहून आणायला सांगितला. साईनाथने जमिनीची आलेली सगळी रक्कम लिहिली आणि तिच्यापुढे सुवाच्य अक्षरात लिहिले : नफा.

सरांनी वही हातात घेतली. "साईनाथराव, यंदा आपण काय पिकवलंत?"

"काय न्हाय सर. जमीन विकली."

"असं. म्हणजे गाय विकली आणि घरी येऊन सांगितलं, दूध झालं."

वर्ग हसला. साईनाथचे कान लाल झाले. त्याने घाईघाईने खिशातून रबर काढले आणि सरांच्या देखतच 'नफा' हा शब्द खोडून टाकला.

मित्रांनो, त्या वर्षी गावात घरोघरी हीच चूक चालली होती. भांडवल विकून आलेले पैसे लोक कमाई समजून उडवत होते. नव्या जीपगाड्या धूळ उडवत होत्या, लग्नात हत्ती आणले जात होते. सर रोज बसच्या खिडकीतून ते पाहत आणि दात खात. सगळ्या गावाला मारता येत नव्हते. समोर एक मुलगा होता आणि टेबलावर मी होतो.

पहिला फटका पेरांवर बसला. दुसरा मनगटावर. साईनाथने हात मागे घेतला, म्हणून तिसरा खांद्यावर. मग सर मोजायचे थांबले. पाठीवर, दंडावर, पुन्हा बोटांवर मी पडत राहिलो. "भांडवल गेलं, गाढवा. नफा नाही, भांडवल गेलं," असे ते ओरडत होते. मधल्या बोटाचे हाड मोडले, ते मला आधी कळले. रक्त वहीवर पडले आणि आम्ही आखलेल्या लाल रेघा पुसट झाल्या. साईनाथ रडला नाही. तो खाली बसला आणि बसूनही त्याने डावा हात पुढच्या फटक्यासाठी उपडा वर धरला होता.

दुसऱ्या दिवशी दत्तोबा आले. आता सरांना मार पडणार म्हणून मुले खिडक्यांना लटकली. दत्तोबांनी मुलाचे पट्टी बांधलेले बोट एकदा पाहिले.

"मास्तर, लिहिता येईल ना त्याला?"

"येईल," सर म्हणाले.

"मग झालं." त्यांनी पिशवीतला घरचा उरलेला तांदूळ टेबलावर ठेवला आणि ते निघून गेले.

पुढे खाचरांच्या जागी काचेच्या इमारती आल्या. पहाटेपासून कंपन्यांच्या बसगाड्यांच्या रांगा लागू लागल्या. साईनाथच्या चुलत भावांनी पैसा संपवला आणि उरलेल्या तुकड्यासाठी एकाने दुसऱ्याला भर चौकात कोयत्याने तोडले. साईनाथचे पैसे मात्र टिकले. त्याने गाळे बांधले, भाड्याने दिले. शाळेत संगणक आले. रेघा संगणकच मारू लागला. मला दुसरे काम तेवढे उरले.

सर निवृत्त झाले त्या संध्याकाळी साईनाथ त्यांच्या घरी आला. आता तो मोठा माणूस होता. त्याने नववी-दहावीच्या मुलांसाठी व्यवसाय शिक्षणाचा खासगी वर्ग काढला होता. पाया पडून म्हणाला, "सर, एकच मागणं आहे. तो रूळ मला द्या. तुम्ही मारलंत म्हणून मी शिकलो."

सर त्याच्या वाकड्या राहिलेल्या बोटाकडे पाहत होते. "मी थोडंफार शिकवलंही होतं. ते नाही का आठवत?"

"तेही आठवतं की सर," साईनाथ हसून म्हणाला. "पण हे जास्त."

सरांना नाही म्हणता आले नाही. भिडस्त माणसांचे असे होते.

साईनाथच्या वर्गात वॉचमनची, ड्रायव्हरची, बांधकामावरच्या मजुरांची मुले होती. कोणी वाशीमकडून, कोणी यवतमाळकडून आलेली. त्यांचे बापही पहिल्या दिवशी कातड्याचे आणि हाडांचे तेच वाक्य म्हणत. साईनाथ खरोखर छान शिकवायचा. भांडवल आणि कमाई यांतला फरक त्याच्यासारखा कोणी समजावला नसेल. पण त्याचा दंड सरांच्या दंडापेक्षा जाड होता. पहिल्याच आठवड्यात एका मुलाचे नख उडाले. "मी चुकीला मारतो, पोरांना नाही," असे तो म्हणे. मला तो फरक कधी करता आला नाही. मी खाली येतो तेव्हा मध्ये जे असते त्याला लागते.

गुरुपौर्णिमेला त्याने महिपती सरांना पाहुणे म्हणून बोलावले. दत्तोबा पहिल्या रांगेत बसले होते, डोक्याला फेटा. हार झाला, भाषण झाले. मग सरांना वर्ग कसा चालतो ते दाखवावे म्हणून साईनाथने संस्कृतीला पुढे बोलावले. संस्कृती एका वॉचमनची मुलगी, नववीतली, अबोल. त्याने तिची वही उघडली. एका आकड्यावर पांढऱ्या शाईचा ठिपका होता.

"बघा सर," साईनाथ कौतुकाने म्हणाला. "जमाना बदलला, रबर गेलं, व्हाइटनर आलं. खाडाखोड तीच."

पालक हसले. साईनाथ काही बोलायच्या आत संस्कृतीने डोळे मिटले आणि हात उपडा करून पुढे धरला.

सरांनी तो हात पाहिला. ते खुर्चीतून उठले तेव्हा मी वर गेलेलो होतो. मी खाली येऊ लागलो आणि तिच्या बोटांवर एक दुसरा हात आला, म्हातारा, शिरा वर आलेला. थांबणे माझ्या हातात नव्हते. म्हाताऱ्या हाडांचा आवाज वेगळा होतो, वाळकी काटकी मोडावी तसा. दोन बोटे एकदम गेली.

सर टेबलाला धरून उभे राहिले. दत्तोबा ताडकन उठले. "अरं भाड्या, मास्तर हायेत ते."

"हो ना," सर म्हणाले. त्यांच्या ओठांवर रंग नव्हता. "तिची बोटं असती तर तुम्ही बसून राहिला असता, दत्तोबा."

संस्कृतीने डोळे उघडले. काय झाले ते तिला नीट कळले नसावे. आपला फटका अजून बाकी आहे, एवढेच तिला वाटले असणार. तिने वही काखेत धरली आणि दुसरा हात उपडा करून साईनाथपुढे केला.

तेव्हा मी त्याच्या हातातून पडलो.

संस्कृती पुढे बरेच दिवस वर्गाला आली नाही. साईनाथ तिच्या घरी, वॉचमनच्या खोलीवर, जाऊन आला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा गेला. शेवटी ती आली आणि मागच्या बाकावर, दाराजवळ बसली. मला आता कपाटावर टाकले आहे, तिथून वर्ग दिसतो. साईनाथ फळ्यावर लिहायला हात उंच उचलतो तेव्हा पुढच्या बाकावरची मुले अजून दचकतात, माना खांद्यात ओढतात. एकदा ते त्याच्या लक्षात आले. तेव्हापासून तो हात छातीच्या वर नेत नाही. गुडघे वाकवून, अवघडून लिहितो. त्याच्या फळ्याचा वरचा अर्धा भाग कोरा असतो.

मित्रांनो, गोष्ट संपवताना जुन्या वस्तू म्हणतात, आम्हाला टाकू नका, जपा. मला तसे म्हणवत नाही. मी चांगला जळेन, शिसवाचा निखारा बराच वेळ टिकतो. जपायचीच असतील तर समोरच्याची बोटे जपा. आणि तुम्ही मोठे होऊन कोणाला काही शिकवू लागलात, तुमचा हात सहज वर गेला आणि एखाद्या मुलाने डोळे मिटले, तर लिहायचे थांबा. हात हळूच खाली घ्या आणि त्याने डोळे उघडेपर्यंत थांबून राहा.