एका हाताची म्हैस

आमची चंद्री एका हाताची म्हैस. गेल्या दिवाळीत तिचं रेडकू दगावलं, तेव्हापासून माझी बायको तानाबाई सोडून ती कुणालाच पान्हा सोडत नाही. दुसऱ्या कुणी कासेला हात लावला की दूध चोरते, आणि वर लाथ. त्यामुळे सकाळ-संध्याकाळ तानाबाई गोठ्यात हवीच. लग्न असो, मयत असो, नाताळ असो, धारेच्या वेळेला ती गडमुडशिंगीत परत.

माहेरचा मुक्काम बंद झाला, त्याचं तिला फार वाटलं नाही. पण चर्चमध्ये तिला झोप लागू लागली. पाळकसाहेबांनी डोळे मिटायला सांगितले की हिची मान खाली. शेजारच्या बायका कोपरानं ढोसायच्या आणि पदराआड हसायच्या. मी मंडळीतला वडील, म्हणजे उपासनेत पुढं बसून प्रार्थना चालवणारा. मागची खसखस मला बाकावर ऐकू यायची.

एका दुपारी जेवताना ती म्हणाली, "अवो, माझं देवासंगट बोलणंच बंद झालंय. डोळं मिटलं की सरकी पेंड दिसती, न्हायतर झोप येती. असंच मरून गेलो तर वर त्याला काय सांगू?"

"धार काढता काढता कर की प्रार्थना," मी म्हणालो.

"करत हुतो. आता हात चालत्यात, पर आत काय हलत न्हाय."



त्याच महिन्यात पाळकसाहेबांच्या पत्नी वर्षाराणीबाईंनी कोल्हापुरात चर्चच्या आवारात बायकांसाठी एकांताचा दिवस ठेवला. शनिवारी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. कुणी भाषण करायचं नाही, गाणं म्हणायचं नाही, स्वयंपाकाला हात लावायचा नाही. मोबाईल वर्षाराणीबाईंकडं द्यायचे आणि झाडाखाली गप्प बसायचं.

"मी न्हाय जायची," तानाबाई म्हणाली. "चंद्रीकडं कोण बघंल?"

"मी बघतो."

"तुमी? तुमचा आवाज ऐकला तर ती दावं तोडती!"

ते खरं होतं. माझी प्रार्थना बसस्टँडपर्यंत ऐकू जाते, असं गावात म्हणतात. पण मी हट्टच धरला. शनिवारी सकाळची धार काढून ती निघाली. जाताना चार वेळा बजावलं, "कास लय तटली तर सडात गाठ धरती, ताप भरतो. तसं वाटलं तर लगीच बोलवा मला."

संध्याकाळी मी तानाबाईचं लुगडं नेसलो. म्हशीला फसवायचा हा जुना उपाय. वासानं तिला मालकीणच आली असं वाटतं. शेजारचा अमरसिंह कुंपणावर वाकून बघत होता.

"अगं बया, आण्णा! पदर घ्या की डोईवर, थोरली माणसं बसल्यात!"

"गप रं! म्हस बिचकती."

चंद्रीनं पदर हुंगला. कान सैल सोडले. मी बसलो आणि सडाला हात घातला. लाथ बसली, बादली लवंडली, मी ओरडलो. पुन्हा बसलो, पुन्हा लाथ. कास दगडासारखी झाली होती. अमरसिंहचं हसू गेलं.

"आण्णा, माझ्याकडं पान्हा सोडायचं इंजेक्शन हाय. टोचू का?"

"नको. तिनं कधी टोचू दिलेलं न्हाय."

"मग काकीस्नी फोन लावा की. रिक्षानं येतील अर्ध्या तासात."

मी मोबाईल काढला. वर्षाराणीबाईंचा नंबर समोर आला. फोन केला तर तानाबाई धावत येणार आणि पुन्हा कधी म्हणून जाणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. नाही केला आणि चंद्रीच्या सडाला काही झालं, तरी ती पुन्हा जाणार नाही. दोन्हीकडून तिचा तो एक दिवस माझ्या हातात होता.

"थोडं थांबून बघतो," मी म्हणालो. "तुझ्या ट्रॅक्टरावरचं गाणं बंद कर आणि घरी जा बाबा."

तो गेला. मी कडबाकुट्टीचं मशीन बंद केलं, कोमट पाण्यानं हात धुतले आणि चंद्रीजवळ टेकलो. "हे स्वर्गीय पित्या," अशी सवयीनं सुरुवात केली. चंद्रीचे कान ताठ झाले. मी तोंड मिटलं.

देवापुढं मी कधी गप्प बसलो नव्हतो. आजाऱ्यांसाठी, पावसासाठी, पोरांच्या नोकऱ्यांसाठी, माझ्याकडं मागणं तयार असायचं. आता काहीच नव्हतं. चंद्रीच्या पोटाला कपाळ टेकवलं. आतून ऊब येत होती. तिचा श्वास वर-खाली होत होता, त्याबरोबर माझंही डोकं. डास चावत होते, ते चावू दिले. किती वेळ गेला कुणास ठाऊक. चंद्री रवंथ करू लागली. मी हळूच सड धरला. कोरडा. परत धरला. मग बादलीत बारीक धार वाजली.

दूध रोजच्या निम्मंच निघालं, पण कास सैल पडली.

तानाबाई आली ती चपला न काढताच गोठ्यात शिरली आणि आधी कास चाचपली. "सैल हाय की!" मग माझ्याकडं बघितलं. "अवो, माझं चांगलं लुगडं! शेणानं भरवलंसा!"

"ते राहू दे. तुझं काय झालं, सांग."

ती पेंडीच्या पोत्यावर बसली. "झोपलो."

"आं?"

"चिंचंखाली चटई टाकून बसलो आन् झोपलो. जेवायला उठवलं, जेवलो, परत झोपलो. ऊन कललं तवा जागा झालो. लय लाज वाटली. वर्षाराणीबाई हळूच कानात म्हणाल्या, बायबलातल्या एका दमल्याल्या संदेष्ट्याला देवानं आधी झोपू दिलं, मग भाकर दिली. बोलणं सगळ्यात शेवटाला."

"मग बोलला का तुझ्यासंगट?"

"त्यो कशाला बोलंल? मीच बोललो. लय दिसांनी." तिनं पदरानं नाक पुसलं. "रेडकाचं बी सांगितलं त्याला."

रेडकू गेल्यावर ती एकदाही रडली नव्हती. त्या संध्याकाळी रडली, आणि मग उठून चंद्रीला आंबोण कालवू लागली.

आता शनिवारची संध्याकाळची धार माझी. चंद्रीनं अजून मला पुरता मानलेला नाही. लुगडं नेसायचं मात्र सुटलं. दूध थोडं कमी देते, देऊ दे. तानाबाई दर वेळी कोल्हापूरला एकांताला जाते असंही नाही. घरीच ओट्यावर बसते, हात मांडीवर ठेवून. डोळे कधी मिटलेले, कधी उघडे.

परवा अमरसिंह आला. तिला तशी बसलेली बघून घाबरला.

"काय काकी, बरं न्हाय व्हय? रिकाम्याच बसलासा?"

"बरं हाय म्हणूनच बसलोय," ती म्हणाली. "मधी बोलू नगंस."

अमरसिंह चपला हातात घेऊन, पाय न वाजवता माझ्याकडं गोठ्यात आला.