टाचणीचं वजन

मंडळातल्या साहेबांनो, तुम्ही खोटं बोललात. चुकून नाही, घाईत नाही. समोरच्याच्या डोळ्यांत बघत, चहाचे घोट घेत निवांत खोटं बोललात. ज्या बॉक्सरने तुमच्या काचेच्या शोकेसमधले निम्मे चषक आणले, त्याला उभ्या उभ्या सांगितलंत, "तुझा वजनगट यंदापासून बंद. वरच्या गटाच्या निवड चाचणीत जिंक, नाहीतर संघाबाहेर." आणि तो येडाही "बरं साहेब" म्हणून, दार हळूच लावून घेऊन घरी आला.

घरी त्याची बायको होती. बेकरीत कामाला. भट्टीपुढे उभं राहून राहून तिचा एक गाल कायम दुसऱ्यापेक्षा लाल. तिला सगळे बेकरीवाली म्हणत आणि तिच्या नवऱ्याला टाचणी. एवढासा जीव, पण टोचला की पार मस्तकात जायचा. त्याच्या गटात त्याच्यासमोर उभं राहायला पोरं घाबरत. घरी मात्र त्याला घाबरायचं ते फक्त पावाने, आणि पाव घाबरत नसे, हाच घाबरे. लग्न झाल्यापासून बायकोच्या केसांना ताज्या पावाचा वास, आणि हा वर्षाचे आठ महिने उपाशी. चाचणी जवळ आली की तिच्याकडे पाठ करून झोपायचा. "तुझ्याजवळ आलो की भूक लागते," म्हणायचा. आता यावर बायकोने लाजायचं की लाटणं उचलायचं?

म्हणून त्या दिवशी त्याने पडेल चेहऱ्याने बातमी सांगितली, तेव्हा तिला पहिल्यांदा हसूच आलं.

"वरचा गट म्हणजे... खायचं?"

"खायचं."

"पोटभर?"

"अगं हसतेस काय? संघातून जाईन मी. तिथली पोरं बघितलीस का? एकेकाची मान माझ्या मांडीएवढी."

"मग मांड्या वाढव. बस इथे."

बेकरीवालीने बन आणले, त्यात लोणी कोंबलं, वर अंडी, वर दूध. टाचणीने पहिला बन हातात घेतला आणि सवयीने खिडकीकडे बघितलं. उस्ताद तर येत नाहीयेत ना!

उस्ताद म्हणजे त्याचे जुने गुरू. नाक इतक्या वेळा मोडलेलं, की ते आता फक्त चष्मा अडकवण्यापुरतं उरलं होतं. उस्तादांना हा सगळा प्रकार मुळीच पटला नव्हता.

"वजन वाढेल गं," ते तिला म्हणाले, "हात कुठून वाढवणार? वरच्या गटातली पोरं लांबून मारतात. याचा ठोसा बसला तर गुदगुल्या होतील त्यांना. हसतील."

"हसू देत की. तोंड उघडं असलं की दात चांगले पडतात."

"चाळीस वर्षं रिंगमध्ये घालवली मी."

"आणि नाक तिथेच विसरून आलात. त्याला खाऊ द्या, उस्ताद."

नियम साधा होता. प्रत्येक गटाला वर एक रेघ, खाली एक रेघ. वरची ओलांडली तर बाद, खालच्या रेघेच्या खाली राहिलात तरी बाद. टाचणीने जन्मभर वरच्या रेघेची धास्ती घेतलेली. आता त्याला खालची रेघ ओलांडायची होती. पण त्याचं पोट म्हणजे उपासाला सरावलेलं खातं, त्यात काही जमाच होईना. महिनोन्‌महिने कोंबून कोंबून शेवटी तो रेघेच्या जेमतेम वर आला. किती वर? एका बनाएवढा. बेकरीवालीने त्या दिवशी आरशापुढे उभं करून त्याचं पोट चिमटीत धरलं आणि म्हणाली, "हे माझं आहे. हे उतरवायचं नाही." त्या रात्री तो तिच्याकडे तोंड करून झोपला.

चाचणीची सकाळ उजाडली आणि तिघांनीही एकमेकांना न विचारता माती खाल्ली.

बेकरीवालीने उठल्या उठल्या घरातले सगळे पाव शेजारणीकडे नेऊन ठेवले आणि नवऱ्याला नुसतं कोमट पाणी दिलं. वजनाच्या दिवशी ती हेच करायची, हात आपोआप चालले. उस्तादांनी हॉलवर पोहोचताच त्याला रबरी जाकीट चढवलं आणि दोरीवर उड्या मारायला लावल्या, घामाच्या धारा लागेपर्यंत. आणि टाचणी? तो च्युइंगम चघळत डब्यात थुंकत बसला होता, अंगातला शेवटचा ओलावाही बाहेर जावा म्हणून. तिघांच्या चेहऱ्यावर आपापलं काम चोख केल्याचं समाधान.

टाचणी काट्यावर चढला. काट्यावरच्या कारकुनाने आकड्याकडे बघत जांभई दिली.

"कमी भरतंय."

"शाब्बास!" उस्ताद गरजले. टाचणीने मूठ हवेत उडवली. बेकरीवालीने हुश्श केलं.

आणि मग तिघांचे चेहरे एकदमच पडले.

"अरे देवा," बेकरीवाली म्हणाली. "जाकीट कुणी घातलं याला?"

"पाव कुणी लपवले?"

"मी थुंकलोय फक्त," टाचणी पुटपुटला.

कारकुनाला त्यांची दया आली. तो बिचारा नवा होता. "एवढं काय त्यात? खालच्या गटात घाला ना यांना. तिथे एकच पोरगा आहे. चिटणीस साहेबांचा भाचा. बिनविरोधच चाललाय संघात."

कोपऱ्यात खुर्चीवर बसलेल्या मंडळाच्या चिटणिसांचा कप ओठांपाशीच थांबला.

"कुठला गट?" बेकरीवालीने विचारलं. "बंद केलेला?"

"वहिनी, तो गट... म्हणजे तो सध्या प्रायोगिक आहे."

"आणि प्रयोग भाच्यावर?"

"नोंदणी संपलीये," चिटणीस उठले. "तासाभरात रेघेच्या वर या, नाहीतर घरी जा. नियम म्हणजे नियम."

भांडत बसायला वेळ नव्हता. बेकरीवालीने पाण्याचा जग उचलला. टाचणी प्यायला. दुसरा जग प्यायला. केळी खाल्ली, पुन्हा प्यायला. त्याचे डोळे पाण्यात पडल्यासारखे दिसायला लागले. "हलू नकोस, सांडशील," असं म्हणत उस्तादांनी त्याला काचेच्या बरणीसारखा काट्यावर नेऊन ठेवला. भरलं वजन.

समोर लढायला होता कपाट. नावाप्रमाणेच चौकोनी, पण स्वभावाने गरीब. "दादा, तुमच्या लढती बघून शिकलोय मी," असं अदबीने म्हणाला आणि घंटा वाजताच त्याने दादांना दोरांवर भिरकावलं. पहिल्या राऊंडभर टाचणी पळाला, आणि पळताना त्याच्या पोटात जे डचमळत होतं ते पहिल्या रांगेपर्यंत ऐकू येत होतं. उस्ताद म्हणाले ते खरं होतं. त्याचे ठोसे कपाटाला लागत होते, पण दारावर टकटक केल्यासारखे.

"बघ," उस्ताद बेकरीवालीच्या कानाशी म्हणाले, "हात वाढत नाहीत."

दुसरा राऊंड सुरू झाला आणि कपाटाने पोटात असा एक हाणला, की टाचणी दोरांवरून वाकला आणि दोन्ही जग, केळ्यांसकट, पहिल्या रांगेत मोकळे झाले. तिथे कोण बसलं होतं? चिटणीस. नव्या कोटात.

रेफरीने टाचणीचा चेहरा वर केला. "लढणार का?"

"आता कुठे सुरुवात होतेय," टाचणी म्हणाला.

आणि मग टाचणी टाचणी झाला. हलका, रिकामा, भुकेला. कपाट जिथे मारायचा तिथे हा नसायचा, आणि हा जिथून टोचायचा तिथे कपाटाला बघायलाही वेळ मिळायचा नाही. ठोसा अजूनही वजनदार नव्हता, पण नाकावर, त्याच जागी, पुन्हा पुन्हा. तिसऱ्या राऊंडला कपाटाचे हात खाली आले आणि डोळ्यांतून पाणी. उस्ताद आपलं उरलंसुरलं नाक चाचपत होते.

पंचांनी टाचणीला विजयी ठरवलं. रेफरीने त्याचा हात वर केला.

"वहिनी," कपाट धापा टाकत म्हणाला, "दादांना खायला काय घालता?"

"पाणी."

तेवढ्यात चिटणीस ओला कोट सांभाळत रिंगपाशी आले आणि म्हणाले, काटा आणा. खेळाडूने शरीरातला माल रिंगबाहेर टाकलाय, वजन पुन्हा होईल. टाचणी पुन्हा काट्यावर चढला. कारकून बोलायला तयार होईना, म्हणून चिटणिसांनी स्वतःच वाचलं. "कमी. गटात बसत नाही. निकाल रद्द. कपाट संघात."

"मग मला मारलं कोणी?" कपाटाने विचारलं. चिटणीस कोट पुसत राहिले.

बेकरीवाली मात्र भाच्यापाशी गेली. तो खुर्चीत सँडविच खात बसला होता. "बाळा, ठेव ते. तुझ्याच वजनाचा माणूस उभा आहे तिथे. चल."

भाच्याने मामाकडे बघितलं. मामाने घड्याळाकडे. "वहिनी, लेखी कळवू."

तर चिटणीस साहेब, अजून कळवलेलं नाही. आणि इकडे बेकरीवालीच्या घराची परवड चाललीये. जुन्या गटाचं बोलावणं कधीही येईल म्हणून टाचणी पुन्हा उपाशी, पाव पुन्हा शेजारणीकडे. तो पुन्हा पाठ करून झोपतोय. जे चिमटीभर पोट तिने आपलं म्हणून धरलं होतं, ते गेलं. काल संध्याकाळी तिने त्याच्यापुढे बशीत एक बन ठेवला, मध्ये लोणी घालून, आणि तो हात मांडीवर ठेवून त्या बनाकडे नुसता बघत बसला. वरच्या गटात तुमचा काटा त्याला घेत नाही. खालच्या गटात तुमचा भाचा बसलाय. तुमच्याच काट्याने, तुमच्याच तोंडाने त्याचं वजन वाचून दाखवलंत, मग आता तुम्हीच बोला. भाचा रिंगमध्ये कधी उतरतोय? आणि तोवर या माणसाने समोरचा बन खायचा की नाही?