उभा मासा

धक्क्यावरच्या शेडमध्ये आत्याला ओळखू आला नाही असा मासा आजवर उतरला नव्हता, आणि उतरला असता तरी तिने कबूल केलं नसतं. त्या सकाळी जाळ्यातून निघालेलं धूड पाहून मात्र तिने भाचीला फोन लावला. दोन माणसं लागोपाठ झोपली तरी उरेल एवढी लांब, वीतभर रुंद, नुसती चांदीची पट्टी. अंगावर खवला नाही, तोंडात दात नाही. डोक्यावर लाल तुरा, तिथून शेपटापर्यंत लाल झालर. गळ्याखाली दोन लांब दोरे, टोकाला वल्ह्यासारखे चपटे. आणि जिवंत.

भाची खोल पाण्यातल्या जिवांचा अभ्यास करायची. वर्णन ऐकताच तिने मासा ओळखला. सहा वर्षं ती याच माशाचे मेलेले तुकडे बाटल्यांतून बघत आली होती. दोन तासांत पोचते म्हणाली, तेवढा जगव.

"वाहतं पाणी दे, आत्या. आणि हात लावू नकोस."

कालची पोर मला शिकवते, आत्या फणकारली. मलूल माशाचं तोंड नळाकडे धरायचं आणि कल्ल्यापासून खाली तळहाताने चोळत जायचं, म्हणजे तो तरतरीत होतो, ही शेडची रीत तिनेच घालून दिलेली. तिने मासा लांब हौदात सोडला आणि चोळला. हात वर काढला तर चांदी हाताला आलेली, आणि माशाच्या अंगावर राखाडी पंजा.

तिने परत फोन लावला. पंज्याचं बोललीच नाही. मासा सारखं डोकं वर का काढतो, एवढंच विचारलं.

"तो समुद्रात उभाच राहतो गं. डोकं वर, शेपूट खाली."

हौद गुडघाभर. आत्या त्यात उतरली, दोन्ही हातांनी डोकं वर धरून उभी राहिली. जिथे धरावं तिथली चांदी निघे. सोडावं तर तो आडवा पडे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं म्हणतात. इथे चावायला दात नव्हते आणि पळायला समुद्र नव्हता. झालरीची लहर आधी शेपटाकडे थांबली, मग मध्यावर, मग तुऱ्याशी.

भाची धावत आली तेव्हा आत्या अजून पाण्यातच होती. भाचीने वाकून पाहिलं. आत्याचा हात उचलून एका डागावर ठेवला. बोटाला बोट बसलं.

अख्ख्या धक्क्याला बोलून गार करणारी बाई भाचीकडे न बघता म्हणाली, "पाणी वाहतं ठेवलं होतं गं."